सामायिक सर्व्हरची राखण



वाचनालय, पतपेढी, भजनी मंडळ, नाट्यसंस्था अशी कोणतीही सार्वजनिक संस्था घ्या. तिच्यात दोन प्रकारची माणसे आढळतात. एक, संस्था काढणारी आणि दुसरी, तिचे दप्तर सांभाळणारी. पहिल्यांची नावे दारावरच्या संगमरवरी पाटीवर जातात. दुसऱ्यांची आठवण होते ती एखाद्या वर्षाचे इतिवृत्त कसरीने खाल्लेले सापडले म्हणजे! आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या, बिनपाटीच्या कामाविषयी. मात्र हे दप्तर कागदाचे नव्हे, संगणकावरचे आहे.

गेल्या काही वर्षांत जगभर एक नवी हौस दिसू लागली आहे. मोठ्या कंपन्यांच्या चव्हाट्यावर जाऊन बोलण्यापेक्षा आपल्या मंडळींची स्वतंत्र ओसरी असावी, तिचे नियम आपणच ठरवावेत, असे अनेकांना वाटते. ऑयगेन रोच्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली 'मॅस्टोडॉन' नावाची संगणक-प्रणाली सर्वांना खुली करून दिली, ती या हौसेला फार उपयोगी पडली. ही प्रणाली कोणीही आपल्या यंत्रावर बसवावी, आपल्या मंडळींना त्यावर खाती उघडून द्यावीत आणि लिहिण्या-वाचण्याचा व्यवहार सुरू करावा. अशी हजारो ठिकाणे आज चालू आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात. एका ठिकाणच्या सभासदाने लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी वाचता येते. जे यंत्र हा सारा व्यवहार सांभाळते त्याला सर्व्हर म्हणतात. यांतले पुष्कळसे सर्व्हर लहान असतात. सभासद दोन-तीनशे, वर्गणी ऐच्छिक, आणि कारभार पाहणारा एखाददुसरा स्वयंसेवक. तो दिवसा आपली नोकरी करतो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर सर्व्हरकडे पाहतो.

आता विचार करा. या दोन-तीनशे माणसांनी पाच-सहा वर्षे जे लिहिले, जी छायाचित्रे लावली, जे वाद घातले आणि ज्या ओळखी केल्या, ते सारे एका यंत्रातल्या एका डिस्कवर असते. डिस्क ही बोलूनचालून वस्तू आहे; ती कधी ना कधी बिघडणारच. शिवाय माणसाचा हात चुकतो, चोर शिरतो, आग लागते. मोठ्या कंपनीकडे रात्रपाळीचे तज्ज्ञ असतात. इथे सगळा भरवसा त्या एका स्वयंसेवकावर! सभासदांनी विश्वासाने आणून ठेवलेली ही ठेव आहे, आणि ठेव म्हटली की ती मागितल्या क्षणी परत देता आली पाहिजे.

"त्यात काय मोठंसं? बॅकअप घेतला की झालं!" असे कोणीही म्हणेल. बॅकअप म्हणजे नक्कल. ती रोज रात्री आपोआप निघावी अशी व्यवस्था करणे काही फार अवघड नाही. अवघड आहे ते पुढचेच. त्या नकलेवरून मोडलेला सर्व्हर पुन्हा उभा राहतो का, हे पाहणे. पहिली गोष्ट बहुतेक जण करतात. दुसरी फार थोडे करतात. आणि ज्या नकलेवरून एकदाही काही उभे करून पाहिलेले नाही, ती नक्कल आहे असे धरून चालणे म्हणजे कुलूपबंद पेटी उघडून न पाहताच आत दागिने आहेत असे मानण्यासारखे आहे.

याचे एक बोलके उदाहरण सांगतो. 'गिटलॅब' नावाची एक कंपनी आहे. जगभरचे संगणक-प्रणालीकार आपले काम तिच्याकडे ठेवतात. म्हणजे गिऱ्हाईकही जाणते आणि दुकानदारही जाणता. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या डेटाबेसवर अतोनात ताण आला. डेटाबेस म्हणजे साऱ्या नोंदींची मुख्य वही. या वहीची एक जुळी प्रत शेजारच्या यंत्रावर ठेवलेली असे. ती मागे पडली, जुळेना. तेव्हा जुळ्या यंत्रावरचे जुने सामान पुसून टाकून नव्याने प्रत घ्यावी, असे एका अभियंत्याने ठरवले. रात्र झालेली, काम लांबलेले. पुसण्याची आज्ञा त्याने दिली, पण ती जुळ्या यंत्रावर नव्हे, मुख्य यंत्रावर! एक-दोन सेकंदांत ते त्याच्या लक्षात आले आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी अवघे साडेचार गिगाबाइट उरले होते.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. नकला घेण्याची व्यवस्था त्यांच्याकडे एक नव्हे, अनेक प्रकारची होती. रोजची नक्कल दूरच्या कोठारात जात असे. ते कोठार उघडले, तर रिकामे! कारण नक्कल घेणारी प्रणाली जुन्या आवृत्तीची होती आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे ती रोज रात्री काम अर्धवट टाकून परत फिरत होती. मग हे कोणाला कसे कळले नाही? काम बिघडले की तशी सूचना टपालाने, म्हणजे ई-मेलने, जाण्याची व्यवस्था होती. पण त्या पत्रांवर आवश्यक ती ओळखखूण नसल्याने ती वाटेतच नाकारली जात होती. यंत्राच्या डिस्कची चित्रे घेण्याची सोयही होती. परंतु ती डेटाबेसच्या यंत्रांना लावलेलीच नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती योगायोगाने घेतलेली एक प्रत. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी ती हाताने काढून ठेवली होती. तीही संथ डिस्कच्या यंत्रावर होती, म्हणून परत आणण्यात अठरा तासांच्या आसपास गेले. लोकांनी ठेवलेले मूळ काम वेगळ्या जागी असल्याने वाचले. परंतु मधल्या सहा तासांत नोंदलेले सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सातशेच्या आसपास नवी खाती कायमची गेली.

या कंपनीचे एका बाबतीत कौतुक केले पाहिजे. तिने काही लपवले नाही. दुरुस्ती चालू असतानाच ती जगाला दाखवली आणि पुढे सगळा वृत्तांत, आपल्या उणिवांसकट, प्रसिद्ध केला. म्हणूनच तो आज आपल्याला शिकण्यास उपलब्ध आहे. त्या अभियंत्याच्या हाताला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. हात सर्वांचाच चुकतो. कोठार उघडून आत काही आहे का हे कोणी पाहत नव्हते, आणि ते पाहण्याचे काम कोणा एकाचे म्हणून नेमून दिलेले नव्हते, हा त्यातला खरा दोष.

आता आपल्या लहान सर्व्हरकडे वळू. नक्कल घ्यावयाची ती नेमकी कशाची? मॅस्टोडॉनपुरते सांगायचे तर चार गोष्टींची, आणि त्या चौघींची योग्यता सारखी नाही. पहिली, डेटाबेस. हा 'पोस्टग्रेस' नावाच्या प्रणालीत असतो. खाती, लेखन, कोण कोणाचे वाचतो याचे संबंध, सारे यात. इतकेच नव्हे, तर इतर सर्व्हर ज्या गुप्त स्वाक्षरीवरून आपल्या सभासदाला ओळखतात ती स्वाक्षरीही यातच. हा गेला की सर्व्हर गेला. त्याच नावाने नवे खाते उघडले तरी बाहेरचे जग त्याला जुना माणूस म्हणून ओळखत नाही. दुसरी गोष्ट, सर्व्हरच्या किल्ल्यांची फाइल. ही अगदी चिमुकली, काही ओळींची. आणि लहान म्हणूनच विसरली जाणारी. ती डेटाबेसमध्ये नसते. ती हरवली तर सगळे सभासद बाहेर फेकले जातात आणि ज्यांनी दुहेरी कुलूप लावले आहे त्यांचा प्रवेश अडतो. तिसरी, सभासदांनी स्वतः चढवलेली चित्रे. या कामी एक विवेक करावा. सर्व्हरच्या चित्रसंग्रहात इतर सर्व्हरांवरून आणलेल्या चित्रांचाही मोठा साठा असतो; तो पुन्हा आणता येतो, त्याची नक्कल करून जागा अडवू नये. चौथी, 'रेडिस' नावाची तात्पुरती टिपणवही. हिच्यात पुढे करावयाच्या कामांची रांग आणि प्रत्येकाच्या वाचनाची मांडणी असते. मांडणी पुन्हा रचता येते. रांगेतली कामे मात्र जातात.

या चौघींच्या जोडीला एक पाचवी गोष्ट, जी कोणत्याच डिस्कवर नसते. ती म्हणजे सर्व्हरचे नाव, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता. हा पत्ता दरसाल पैसे भरून आपल्याकडे राखावा लागतो. मॅस्टोडॉनचा सर्व्हर एकदा ज्या नावाने सुरू झाला ते नाव पुढे बदलता येत नाही. तेव्हा सगळ्या नकला शाबूत आहेत, पण नाव ज्या एका सभासदाच्या खात्यावर होते तो परगावी गेला आणि त्याने वर्षाचे पैसे भरले नाहीत, तर घर शाबूत राहूनही दारावरची पाटी परक्याच्या हाती जाते.

डेटाबेसची नक्कल घेताना एक पथ्य आहे. चालू वहीची नक्कल साध्या पद्धतीने, पानामागून पान अशी करू नये. समजा, एक कारकून वही लिहीत बसला आहे आणि दुसरा तीच वही उतरवून घेतो आहे. पहिले पान त्याने सकाळी उतरवले, पन्नासावे दुपारी. मधल्या वेळात एका पानावर नावे पडली आणि दुसऱ्यावर जमा झाली. नकलेत नावे दिसत नाहीत, जमा दिसते. मेळ बसत नाही. डेटाबेसचेही तसेच होते. म्हणून पोस्टग्रेससोबत नक्कल घेण्याचे स्वतंत्र साधन येते. ते एका विशिष्ट क्षणी वही जशी होती तशी संपूर्ण उतरवते. मधल्या लिहिण्याची तिला बाधा होत नाही. गिटलॅबच्या प्रसंगाने शिकवलेली खबरदारीही इथेच ध्यानात ठेवावी: डेटाबेसची आवृत्ती बदलली की नक्कल घेणाऱ्या साधनाचीही बदलली आहे ना, हे पाहावे.

ज्यांना याहून बारीक हिशेब हवा त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या पेढीवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदीत लिहितो, मग मुख्य वहीत. म्हणजे आधी रोजकीर्द, मग खतावणी! एका दिवसाची पुरी खतावणी आणि त्यानंतरची सगळी कीर्द जपून ठेवली, तर मधल्या कोणत्याही क्षणापर्यंतचा हिशेब पुन्हा उभा करता येतो. चार वाजता कोणी चुकून काही पुसले असेल, तर चारला एक मिनिट कमी असतानाची स्थिती परत आणता येते. लहान मंडळाला रोजची एक पुरी नक्कल बहुधा पुरते. पण ही सोय आहे हे ठाऊक असावे.

इथे एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. पुष्कळ यंत्रांत दोन डिस्का असतात आणि एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटते. एक बिघडली तर दुसरी काम चालवते. ही सोय चांगली. पण ती नक्कल नव्हे, ते आरशातले प्रतिबिंब आहे. आपण तोंडाला काळे लावले तर आरसाही काळेच तोंड दाखवणार! चुकून पुसलेले दोन्हीकडून एकाच क्षणी पुसले जाते. अमेरिकेत 'मॅग्नोलिया' नावाची एक संस्था लोकांच्या वाचनखुणा साठवून ठेवीत असे. जानेवारी २००९ च्या अखेरीस तिचा सुमारे अर्ध्या टेराबाइटचा डेटाबेस बिघडला. जी नक्कल घेतली जात होती तीही मूळ फाइल जशीच्या तशी उतरवणारी; तेव्हा बिघाडही इमानाने उतरवला गेला. संस्था त्यातून पूर्वीसारखी सावरली नाही. म्हणून कालची, परवाची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा वेगवेगळ्या दिवसांच्या नकला हव्यात. कारण बिघाड झाला त्याच दिवशी तो ध्यानात येतो असे नाही.

नकला ठेवायच्या कोठे? पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने यासाठी एक सोपे सूत्र लोकप्रिय केले आहे: प्रती तीन, साधने दोन, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. म्हणजे मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्यात, आणि निदान एक तरी लांब असावी. या 'लांब'चे महत्त्व फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहराने दाखवून दिले. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या 'ओव्हीएच' कंपनीच्या सर्व्हरगृहाला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने माणसे वाचली. पण ज्यांचा सर्व्हर त्या इमारतीत आणि नक्कलही त्याच आवारात, त्यांचे दोन्ही गेले. 'रस्ट' नावाच्या एका सामूहिक खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर त्यात नष्ट झाले आणि त्यांवरचे काही परत आणता येणार नाही, असे खेळाच्या निर्मात्यांना जाहीर करावे लागले. आपल्याकडे ज्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ऐकला-वाचला आहे, त्यांना याचे मर्म लगेच कळेल. नदीकाठच्या एका पेठेतली वही आणि शेजारच्या पेठेतली तिची प्रत, पाण्याला दोन्ही सारखीच.

आणखी एक चोर आहे. सर्व्हरमध्ये शिरलेला घुसखोर आधी नकला शोधतो आणि त्या पुसतो, म्हणजे पुढे खंडणी मागता येते. सर्व्हरच्याच किल्लीने नकलांचे कोठारही उघडत असेल, तर त्याचे काम सोपे. म्हणून कोठाराची व्यवस्था अशी करावी की सर्व्हरने तिथे भर घालावी, पण जुने पुसण्याचा अधिकार त्याला नसावा. आणि एक प्रत तर तारेपासून तोडून, कपाटातच ठेवलेली बरी.

पण कपाटात ठेवलेली प्रत म्हणजे जोखीम नव्हे काय? आहे! अमेरिकेत 'कोलेक्टिव्हा' नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर आहे. मे २०२३ मध्ये त्याच्या एका कारभाऱ्याच्या घरावर तेथील केंद्रीय पोलिसांनी, म्हणजे एफबीआयने, वेगळ्याच कारणासाठी छापा घातला. त्या वेळी तो कारभारी डेटाबेसच्या एका नकलेवर काम करीत होता आणि ती कुलूपबंद केलेली नव्हती. साऱ्या सभासदांच्या माहितीची ती प्रत इतर सामानाबरोबर जप्त झाली. तेव्हा सर्व्हरबाहेर जाणारी प्रत्येक नक्कल सांकेतिक लिपीत, पासवर्डाने बंद करूनच जावी. 'रेस्टिक' आणि 'बोर्ग' यांसारखी विनामूल्य साधने हे काम करतात. शिवाय कालच्या आणि आजच्या नकलेत जे समान आहे ते पुन्हा साठवीत नाहीत, म्हणून जागाही वाचते.

मात्र कुलूप लावले की किल्लीची चिंता आली. आपल्या महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून कित्येक शतके जतन केले. ग्रंथ होते, अक्षरे होती. परंतु बाहेरच्यांना ती किल्ली ठाऊक नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते वाङ्मय मराठी वाचकाला जवळजवळ नसल्यासारखेच होते. त्यांच्यात निदान किल्ली जाणणारी परंपरा जिवंत होती. आपल्या सर्व्हरच्या नकलेचा पासवर्ड जर त्याच सर्व्हरवर लिहिलेला असेल, आणि सर्व्हर जळाला, तर कुलूप शाबूत आणि किल्ली आत, असा प्रकार होतो. तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, निदान दोन विश्वासू माणसांच्या घरी वेगवेगळा ठेवावा. यात जुनाटपणा काही नाही.

आता मुख्य मुद्दा: कसोटी. दर तीन महिन्यांनी एक रविवार यासाठी राखून ठेवावा. एक रिकामे यंत्र घ्यावे. भाड्याने घेतले तरी एका दिवसाचे भाडे फार नसते. जणू काही जुना सर्व्हर अस्तित्वातच नाही असे समजून, केवळ नकला आणि लिहून ठेवलेली टिपणे यांच्या आधारे नवा उभा करावा. पोस्टग्रेस बसवावा, नक्कल उतरवावी, किल्ल्यांची फाइल जागेवर ठेवावी, चित्रे आणावी. मग पाहावे: सभासदांची संख्या जुळते का? शेवटचे लेखन कोणत्या तारखेचे आहे? तीन वर्षांपूर्वीचे चित्र उघडते का? दुहेरी कुलपाच्या खात्यात प्रवेश होतो का? यांतले एकही चुकले तर आनंद मानावा. कारण ते आज कळले, संकटाच्या रात्री नव्हे.

या रंगीत तालमीत एक दक्षता घ्यावी. हा तालमीतला सर्व्हर बाहेरच्या जगाशी जोडू नये. त्याला वाटते, आपणच खरे! मग तो सभासदांना ई-मेल पाठवू लागतो, रांगेतला जुना मजकूर इतर सर्व्हरांकडे धाडू लागतो आणि भलताच गोंधळ उडतो. टपाल आणि पार्श्वभूमीवरची कामे बंद ठेवूनच तालीम करावी आणि झाल्यावर ते यंत्र पुसून टाकावे.

तालमीत घड्याळ लावून ठेवावे. समजा, नकलेचा आकार २०० गिगाबाइट आहे आणि आपली वाहिनी सेकंदाला १०० मेगाबिटची. सगळे सुरळीत झाले तरी नुसते आणण्यातच साडेचार तासांच्या आसपास जातात, मांडामांड वेगळीच. म्हणून मंडळाने दोन प्रश्न आधीच बैठकीत विचारावेत. किती तासांचे लेखन गेले तर आपण सोसू? आणि किती तास ओसरी बंद राहिली तर चालेल? पहिल्याच्या उत्तरावरून नक्कल किती वेळा घ्यावी ते ठरते. दुसऱ्याच्या उत्तरावरून ती किती जवळ आणि किती वेगाने आणता येईल अशी ठेवावी ते ठरते. हे प्रश्न त्या स्वयंसेवकावर टाकून देऊ नयेत. खर्च आणि नुकसान दोन्ही सर्वांचे आहे.

पुनर्स्थापनेची आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. एखाद्या भगिनीने आपले काही लेखन विचारपूर्वक पुसून टाकले. कदाचित तिला त्यापायी त्रास होत होता. आठ दिवसांनी सर्व्हर बिघडला आणि दहा दिवसांपूर्वीची नक्कल उतरवली. तिचे पुसलेले लेखन पुन्हा सर्वांसमोर! आपल्या दृष्टीने पुनर्स्थापना यशस्वी झाली. तिच्या दृष्टीने विश्वासघात झाला. तेव्हा पुसलेल्या खात्यांची आणि लेखनाची एक साधी यादी, फक्त क्रमांकांची, वेगळी ठेवावी आणि जुनी नक्कल उतरवली की ओसरी उघडण्यापूर्वी तीही अमलात आणावी. तसेच नकला वर्षानुवर्षे साठवून ठेवू नयेत. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या सहा, असा काही दंडक ठरवावा आणि त्यापलीकडच्या नष्ट कराव्यात. जपणे हा जसा धर्म, तसेच पुसायला सांगितलेले पुसणे हाही धर्मच.

आणि ज्या दिवशी खरोखरच संकट येईल, त्या दिवशी सभासदांना स्पष्ट सांगावे: अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतचे लेखन गेले आहे, तुमच्यापाशी असेल तर पुन्हा लावा. लोक समजूतदार असतात. त्यांना राग येतो तो नुकसानीपेक्षा मौनाचा.

सगळेच गेले तर काय? तर उरते ती माणसांची स्मृती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आठवणींतून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. म्हणूनच त्या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात. मॅग्नोलियाच्या सभासदांनीही इंटरनेटवर इतरत्र उरलेल्या प्रतींतून आपल्या काही खुणा गोळा केल्या. श्रद्धेच्या बळावर एवढे होऊ शकते. पण ज्यांनी लीळा पाठ केल्या होत्या ते शिष्य होते. आपल्या सर्व्हरवरची सदूची आईविषयीची चार वाक्ये, किंवा एखाद्या गृहिणीने लावलेले पहिल्या पावसाचे छायाचित्र कोण पाठ करून ठेवणार? ते जपायचे तर नकलेनेच जपले पाहिजे.

शेवटी एक सूचना. ज्याला हे सारे येते तो माणूसही एकच असतो आणि त्याची नक्कल निघत नाही! तो आजारी पडेल, बदलीवर जाईल, कंटाळेल. म्हणून पुढची तालीम त्याला करू देऊ नये. त्याने शेजारी बसावे, हात पाठीमागे बांधावेत, आणि टिपणे वाचून दुसऱ्या कोणी सर्व्हर उभा करावा. जिथे तो दुसरा अडेल तिथे टिपणात एक ओळ वाढवावी. असे दोन-तीनदा झाले की ते टिपण खरे होते. आपण जर अशा एखाद्या मंडळाचे सभासद असाल, तर पुढच्या सभेत कारभाऱ्यांना "नक्कल घेता ना?" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येते. "गेल्या वेळी ती परत उभी करून कधी पाहिली, आणि किती वेळ लागला?" असे विचारा. आणि उत्तर आले नाही, तर रागावू नका. "येत्या रविवारी मी येतो, आपण दोघे मिळून करून पाहू," असे म्हणा.